ओरडणाऱ्या फॅनची वही

कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात दोन गोष्टी न बोलावता येतात. एक धूळ, दुसरे किस्से. धूळ ब्लोअरनं उडवता येते. किस्से मात्र कोपऱ्यात साठत जातात आणि कुणी गप्पा मारायला टेकलं की आपोआप बाहेर पडतात. माझ्याकडे तर ते लिहूनच ठेवलेले आहेत, कारण आमच्या दुकानाची वही मी लिहिते.

दुकान नेरूळला, सेक्टरच्या मार्केटमध्ये. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला पोळीभाजी केंद्र. मालक मुनाफभाई. मूळचे मुरुडकडचे. बावीस वर्षं मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली, मग किनाऱ्याला लागले आणि हे दुकान टाकलं. इंजिनरूमनं त्यांचा डावा कान पूर्ण आणि उजवा अर्धा खाल्लाय. तरीही मशीनमधला आवाज कुठून येतोय आणि का येतोय, हे नवी मुंबईत त्यांच्याइतकं कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही.

ते काय करतात, तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॅबिनेटला टेकवतात, मूठ दातांत धरतात आणि डोळे मिटतात. जहाजावर इंजिन असंच ऐकायचे म्हणे. आवाज कानानं येत नाही, हाडानं येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस कॉम्प्युटर खातोय!

वहीचा नियमही त्यांचाच. पानावर दोन रकाने, 'काय म्हणाले' आणि 'काय निघालं'. पहिल्यात गिऱ्हाइकाचेच शब्द, जसेच्या तसे. "आपली अक्कल दुसऱ्या रकान्यात," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

गेल्या काही वर्षांत ह्या वहीत एकच दुखणं पुन्हा पुन्हा आलंय. लोक अख्खं मशीन बदलत नाहीत. जुन्याच डब्यात नवा प्रोसेसर बसवतात, म्हणजे मेंदू नवा आणि बाकी संसार जुना. मशीन पळायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी फॅन बोंबलायला लागतो. प्रोसेसर तापला की त्याच्या डोक्यावरचा फॅन जोरात फिरतो, इतकी साधी गोष्ट आहे. पण तो तापला का, ह्याचं उत्तर माणसागणिक वेगळं निघतं.

ह्यातला एक किस्सा मात्र बाकीच्यांसारखा नाही. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या एका बाईंचं शुक्रवारी गळ्याचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टर सांगू शकत नव्हते. त्याआधी त्यांची गाणी रेकॉर्ड व्हायची होती आणि नेमका फॅन आडवा आला. तो शेवटी सांगते. आधी बाकीचे ऐका, कारण त्या चार दिवसांत आम्ही त्यांच्याच जोरावर लढलो.

*

पहिला किस्सा आमच्या घरचाच.

शाळेच्या ऑफिसातली माझी नोकरी सुटली होती आणि घरबसल्या टायपिंगची कामं घ्यायचं ठरवलं होतं. आमच्या ह्यांनी व्हिडिओ बघून बघून स्वतःच्या हातानं नवा प्रोसेसर बसवला. त्याचं इतकं कौतुक झालं की शेजारच्यांनाही बोलावून दाखवला. तासाभरात फॅन असा सुटला की शेजारी आपापल्या घरी गेले.

मुनाफभाईंच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती अशी. तेव्हा वही तेच लिहायचे. त्यांनी लिहून घेतलं, 'कुकरसारखा फुसफुसतो, शिट्टी मात्र होत नाही.' मग स्क्रूड्रायव्हर दातांत धरला, चारपाच सेकंद ऐकलं आणि मला विचारलं, "घरी सोफ्यावर प्लॅस्टिक हाय काय?"

मी गारच पडले. सोफ्यावर आहे. टीव्हीच्या रिमोटवर आहे. फ्रिजच्या हँडलवर आहे. लग्नात आलेल्या मिक्सरवरचं स्टिकरसुद्धा आमच्या ह्यांनी अजून काढू दिलेलं नाही.

मुनाफभाईंनी फॅन आणि त्याच्या खालचा धातूचा ठोकळा उचलून उलटा केला. ठोकळ्याच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिक तसंच चिकटलेलं होतं. बसवण्याआधी काढा, असं त्याच्यावर छापलेलंही होतं. आमचे हे वाकून बघत म्हणाले, "काढायचं असतं होय? मला वाटलं, खराब होऊ नये म्हणून दिलंय." आणि ते प्लॅस्टिक घडी करून त्यांनी खिशात ठेवलं. अजून कपाटात आहे.

फॅन शांत झाल्यावर मी मुनाफभाईंना विचारलं, नुसत्या आवाजावरून तुम्हाला आमचा सोफा कसा दिसला? ते म्हणाले, तळ नीट टेकलेला नाही एवढंच आवाजातून कळलं. बाकीचं साहेबांच्या मोबाईलवरून. मी बघितलं. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या मोबाईलच्या स्क्रीनवर दुकानातला तो बटणांची चित्रं छापलेला पातळ कागद अजून होता.

पुढच्या आठवड्यापासून मी दुकानात वही लिहायला बसले.

*

दुकानात एकच पाटी आहे. 'मशीनच्या टेबलावर पाणी, चहा, ओलं काहीही ठेवू नये.' बाकी कशालाही मुनाफभाई हो म्हणतील, ह्याला नाही. त्यांची स्वतःची पाण्याची बाटली बाहेर पायरीवर असते. रमजानमध्ये रोजा सोडायची वेळ झाली की खजूर आणि पाणी घेऊन ते पायरीवर जातात. कारण विचारलं तर एवढंच म्हणतात, "इंजिनरूममध्ये पानी एकदा बघितलंय. पुरे." त्यापुढे ते सांगत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही.

एकदा एक पोलीस इन्स्पेक्टर आले. युनिफॉर्ममध्ये, मागे हवालदाराच्या खांद्यावर कॅबिनेट. मी पेन उघडलं आणि साहेबांचे शब्द लिहिले, 'प्रोसेसर बदलल्यापासून आरोपीसारखा ओरडतोय, कुणी काही विचारलेलं नसताना.' एवढं बोलून साहेबांनी हातातला कटिंगचा ग्लास टेबलावर ठेवला.

मुनाफभाईंनी ग्लास उचलला, परत साहेबांच्या हातात दिला आणि पायरीकडे बोट दाखवलं. हवालदार भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. साहेब मुकाट्यानं पायरीवर जाऊन उभ्याउभ्या चहा पिऊन आले. झेरॉक्सवाला हे दृश्य अजून सगळ्यांना करून दाखवतो.

दोष बारीकसाच होता. बोर्डावर प्रोसेसरच्या फॅनची वायर लावायची एक ठरलेली जागा असते. तिथं लावली की बोर्ड त्याला सांगत राहतो, आता हळू, आता जोरात. बसवणाऱ्यानं ती शेजारच्या जागी लावली होती, त्यामुळे फॅन आपला अखंड फुल स्पीडमध्ये. मुनाफभाई म्हणाले, "साहेब, ह्याला सांगनारं कोन नाय. म्हनून बोंबलतोय."

साहेबांनी त्यावर खरोखर विचार केला. "आमच्याकडे उलटं आहे," ते म्हणाले. "सांगणारेच फार."

*

खांदेश्वरला राहणारे एक रिटायर्ड हेडमास्तर आहेत, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांची तक्रार वहीत अशी आहे, 'वर्गात नवा मुलगा बसवला, तेव्हापासून सगळा वर्ग कल्ला करतोय.'

मुनाफभाईंनी दोनदा ऐकलं, दोनदा उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की बोर्डाच्या पोटात जो मूळ प्रोग्रॅम असतो तो जुना आहे, ह्या नव्या प्रोसेसरची त्याला ओळखच नाही. हा किती तापलाय हे त्याला वाचता येईना, म्हणून भीतीनं त्यानं फॅन पूर्ण सोडून दिला होता. प्रोग्रॅम नवा घातला. दहा मिनिटांत वर्ग शांत.

हेडमास्तर म्हणाले, "म्हणजे मुलगा बरोबर होता. हजेरीपटात नाव नव्हतं."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसता पुसता म्हणाले की तीस वर्षांत अशी दोनतीन पोरं आपण वर्गाबाहेर काढली असतील. मग नावंही आठवून सांगितली. मी ती वहीत लिहिली नाहीत, पण माझ्या लक्षात आहेत.

*

आता जरा गमतीचा. सीवूड्सचे एक गुरुजी. पत्रिका कॉम्प्युटरवर करतात, परदेशातल्या यजमानांची सत्यनारायणाची पूजाही स्क्रीनवरून सांगतात. पूजेत व्हिडिओ अडकायला लागला म्हणून त्यांनी नवा प्रोसेसर घेतला आणि भाच्याकडून बसवून घेतला. तीन दिवस उत्तम. चौथ्या दिवशी ऐन आरतीत फॅन लागला. यजमानांना तिकडे वाटलं, गुरुजींनी शंख फुंकला!

वहीत त्यांचे शब्द आहेत, 'शीतल लेप लावला आहे, तरी दाह शमत नाही.'

प्रोसेसर आणि वरचा धातूचा ठोकळा ह्यांच्यामध्ये एक करड्या रंगाची पेस्ट लावतात. तिच्यातून प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात जाते. मुनाफभाईंनी ठोकळा उचलला आणि दुकानभर वास सुटला. मी आपोआप हात जोडले. चंदन! गुरुजींनी समजावून सांगितलं. भाचा पेस्ट आणायला विसरला होता, मात्र थंडाव्यासाठी लेप लागतो असं म्हणाला. घरात सहाण होती, खोड होतं. स्वतः उगाळून दिलं.

मुनाफभाईंनी खालच्या आवाजात विचारलं, "उगाळताना पानी घातलं?"

"पाण्याशिवाय चंदन उगाळतात का?" गुरुजी म्हणाले.

मुनाफभाई स्टुलावर बसले. चंदनाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. पण प्रोसेसरवर पाणी, आणि त्या पाण्यावर ते मशीन तीन दिवस सत्यनारायण सांगत होतं, हे त्यांना पचेना. जळालं कसं नाही, हे त्यांनी मला संध्याकाळपर्यंत चारदा विचारलं. शेवटी दुसऱ्या रकान्यात लिहायला सांगितलं, 'चंदन वाळलं.'

ठोकळा पुसून घेतला, नवी पेस्ट लावली, गुरुजी आशीर्वाद देऊन गेले. वास मात्र दोन दिवस राहिला. त्या दोन दिवसांत तीन गिऱ्हाइकं चपला बाहेर काढून आत आली.

*

सारसोळ्याची पल्लवी घरी बसून बिल्डिंगची ड्रॉइंग करते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्याबरोबर आलेला तिचा भाऊ कॅबिनेट ठेवून निघून गेला आणि मी वही तिच्यापुढे केली. तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'नवीन प्रोसेसर घातल्यापासून फॅनचा आवाज फार आहे. टेबल बोलतं.'

मी ते दोनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, तुला कसं कळलं, हा प्रश्न माझ्या तोंडावर आलाच असणार. तिला तो वाचता आला. तिनं माझा हात धरला, चालू केलेल्या मशीनशेजारी टेबलावर तळवा ठेवायला लावला आणि वरून आपला हात दाबला. टेबल थरथरत होतं. इतकी वर्षं मी त्याच टेबलावर वही लिहीत होते.

मुनाफभाईंनी स्क्रूड्रायव्हर दातांत धरला. पल्लवी बघत राहिली. मग तिनं हात पुढे केला. त्यांनी स्क्रूड्रायव्हर दिला. तिनं मूठ रुमालानं पुसली, दातांत धरली, डोळे मिटले. दुकानात दोन माणसं होती ज्यांना धड ऐकू येत नव्हतं आणि तिसरी मी, जिला सगळं ऐकू येत होतं आणि काही कळत नव्हतं.

तिनं डोळे उघडले आणि कॅबिनेटच्या आत बोट नेऊन फॅनच्या एका कोपऱ्याजवळ धरलं. फॅन चार खुंट्यांवर बसतो. त्या कोपऱ्यातली खुंटी वरून बसल्यासारखी दिसत होती, पण आत अडकलेली नव्हती. मशीन बंद करून मुनाफभाईंनी ती दाबली. टक. पुन्हा चालू केलं. पल्लवीचा तळवा टेबलावर होता. फॅन उतरला हे माझ्या कानांना कळायच्या आधी ती हसली होती.

त्या दिवशी दुसरा रकाना मुनाफभाईंनी स्वतः लिहिला, 'तिनं काढलं.' ती गेल्यावर मला म्हणाले, "हे शिकायला माझा दीड कान गेला, मॅडम. ही पोरगी असंच शिकून आलीय."

*

आता दिवाळ्याचा.

सोमवारी दुपारी शीतल नावाची मुलगी रिक्षातून कॅबिनेट घेऊन उतरली. माहेर लातूरकडचं, नोकरी बेलापूरला, सासर दिवाळ्याच्या कोळीवाड्यात. तिची सासू हिराबाय. हिराबायनं जन्मभर मासळी विकली, आणि गावातलं लग्न तिच्या धवल्याशिवाय कधी लागलं नाही. धवला म्हणजे लग्नात बायका म्हणतात ती गाणी. मांडवापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं. लिहिलेलं कुठंच नाही, सगळं हिराबायच्या डोक्यात आणि गळ्यात. डोकं शाबूत होतं. गळ्यात गाठ निघाली होती.

शीतलला त्यातले निम्मे शब्दही कळत नव्हते. पण सगळं रेकॉर्ड करायचं हे तिनंच अंगावर घेतलं होतं. जुनं मशीन दर पाच मिनिटांनी अडकायचं, म्हणून नवऱ्यानं नवा प्रोसेसर बसवून घेतला. रविवारी सासूला माइकसमोर बसवलं. हिराबायनं पहिली ओळ उचलली, मागोमाग फॅननं आपला आवाज लावला आणि शीतलनं रेकॉर्डिंग थांबवून मशीनच बंद केलं. मी वहीत तिचे शब्द लिहिले, 'सासूबाईंच्या गाण्यात घुसतो.'

शुक्रवारी ऑपरेशन. शीतल काउंटरला धरून उभी होती. ती म्हणाली, "शुक्रवारनंतर आवाज आला नाही तर हे सगळं गेलं हो."

मुनाफभाईंनी वहीतली सगळी पानं त्या मशीनवर चालवली. ठोकळ्याखाली प्लॅस्टिक नव्हतं. वायर बरोबर जागी होती. हजेरीपटात नाव होतं. चारही खुंट्या पक्क्या. पेस्ट नवी. मी तर वाससुद्धा घेऊन बघितला. मंगळवार त्यातच गेला. बुधवारी सकाळी मुनाफभाई म्हणाले की ह्यात चूक कुणाचीच नाही. नवा प्रोसेसर तापट आहे, जुना फॅन लहान आहे, बिचारा जिवाच्या आकांतानं आपलं काम करतोय.

मग त्यांनी आमच्या काउंटरवरच्या, स्वतःच्या मशीनमधला मोठा ठोकळा आणि मोठा, संथ फॅन काढला आणि शीतलच्या मशीनमध्ये बसवला. तो इतका उंच होता की कॅबिनेटची एक बाजू लागेना. ती उघडीच ठेवली. संध्याकाळी मी विचारलं, चालू कधी करणार? ते म्हणाले, चालू करून दहा मिनिटं झाली. मी कान लावला. पलीकडच्या पोळीभाजी केंद्रातलं लाटणं ऐकू येत होतं, मशीन नाही. आवाजावर इतकी मोठी मात आमच्या दुकानानं कधी केली नव्हती. जुना पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा, हा दुकानाचा रिवाज, म्हणून जुना छोटा फॅन त्यांनी पिशवीत घातला.

गुरुवारी सकाळी शटर खाली ओढून आम्ही दोघंही दिवाळ्याला गेलो. जेटीच्या मागच्या गल्लीत घर, समोर दोरीवर बोंबील वाळत घातलेले. आत चटईवर हिराबाय बसलेली, हिरवं लुगडं, केसांत अबोली. प्लग डाव्या भिंतीला होता, म्हणून मशीन तिच्या डाव्या हाताला बुटक्या स्टुलावर ठेवलं. माइक लावला. शीतलनं मान हलवली.

हिराबायनं तोंड उघडलं आणि मिटलं. घसा खाकरला. पुन्हा अर्धी ओळ, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तेच. अर्धा तास असाच गेला. मला वाटलं, संपलं, ऑपरेशनच्या आधीच आवाज गेला. शीतल भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

हिराबाय मुनाफभाईंना म्हणाली, "भाऊ, मशीन बंद हाय का?"

चालू आहे, मावशी, त्यांनी सांगितलं, आवाज काढून टाकला. थोड्या अभिमानानंच सांगितलं.

"कशाला काढलास?"

शीतल डोळे पुसायची थांबून वळली. हिराबाय सावकाश सांगायला लागली. "धवला एकलीनं व्हत नाय. मी उचलायचा, काशीनं मागं सूर धरायचा. चाळीस वरसां ती माज्या डाव्या हाताला बसली. ती गेली, तवापासून मना धरायला कोनी नाय." तिनं मशीनकडे बोट केलं. "आयतवारी ह्यानं धरला व्हता. बराबर धरला व्हता. मंग हिनं बंद केला."

गिऱ्हाइकाचेच शब्द लिहायचे, ह्या नियमाचा आम्हाला केवढा अभिमान. आणि जिचं गाणं, तिला विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. तीन दिवस आम्ही तिची जोडीदारीण काढून टाकायला खपलो होतो. मला मान वर करून बघवेना.

मुनाफभाईंनी मशीन बंद केलं. पिशवीतून जुना फॅन काढला. मोठा उतरवला, तळ पुसला, नवी पेस्ट लावली, चारही खुंट्या एकेक करून दाबल्या. मशीन चालू केलं. प्रोसेसर तापला तसा फॅन चढला, मग उतरला, पुन्हा चढला. हिराबायनं मान हलवली. "ह्यो हालतो. काशी हालत नव्हती."

मग त्यांनी स्क्रीनवरच्या सेटिंगमध्ये जाऊन फॅनचा वेग एकाच जागी बांधला आणि म्हणाले, मावशी, सांगा. हिराबायनं डोळे मिटले. जरा वरती, म्हणाली. त्यांनी चढवला. नको, खाली. आजून. अजून एक घर उतरवला तेव्हा तिचा हात हवेत थांबला. खोलीत एकच सूर भरून राहिला. मुनाफभाई मागे न बघता मला म्हणाले, "मॅडम, आज ह्याला सांगनारं मिलालं."

आणि हिराबायनं उचलला.

मला त्यातलं अर्धंसुद्धा कळलं नाही, तरी पहिल्या ओळीपासून अंगावर काटा होता. आवाज जाड, वापरलेला, बाजारात हाका मारून मारून पिकलेला. मधे मधे तो तुटायचा. जिथं तुटायचा तिथं फॅन धरून असायचा आणि ती बरोबर त्याच जागी परत यायची. काही ठिकाणी तर ती कोणती आणि फॅन कोणता, हे मला सांगता आलं नसतं. मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बाया दारात थांबल्या आणि पाट्या उतरवून तिथंच बसल्या. मुनाफभाई जमिनीवर मांडी घालून, स्क्रूड्रायव्हरचं टोक स्टुलाला टेकवून, मूठ दातांत धरून ऐकत होते. इतकी वर्षं त्यांना ऐकताना बघितलं होतं. दोष न शोधता ऐकताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

साडेदहाला सुरू झालेलं गाणं खाडीला भरती लागेपर्यंत चाललं. जेवायचं कुणी नाव काढलं नाही. मांडव झाला, हळद झाली, शेवटी पाठवणीचा धवला आला. त्याची शेवटची ओळ हिराबायनं खाली ठेवली आणि गप्प झाली. फॅन तसाच सूर धरून राहिला. त्याला बंद करायला कुणाचा हात पुढे होईना.

शीतल पाणी घेऊन आली. हिराबाय म्हणाली, "दोन आन."

शीतलनं दुसरा ग्लास आणला. हिराबायनं एक पूर्ण प्यायला. दुसरा, काठोकाठ भरलेला, तिनं डाव्या हाताला वाकून स्टुलावर नेला, उघड्या कॅबिनेटच्या अगदी शेजारी. फिरत्या फॅनपासून चार बोटांवर.

माझ्या डोळ्यांपुढे दुकानातली पाटी आली. मी मुनाफभाईंकडे बघितलं.

त्यांनी दातांतला स्क्रूड्रायव्हर काढून बाजूला ठेवला. पुढे सरकले, दोन बोटांनी माइकची वायर उचलून कडेला केली आणि ग्लासाला जागा करून दिली.